चिंचोका

सीवूड्सच्या नवव्या मजल्यावर
गिझरच्या बटणावर मी एक चिंचोका चिकटवलाय.
शेजारचं पंख्याचं, ते गुळगुळीतच ठेवलं.
पद्माकरला आताशा मधलं काही दिसत नाही,
नुसत्या कडा दिसतात.

एकतीस वर्षं मी हेच काम केलं, गणवेशात.
लोकांना वाटायचं, मनाची डॉक्टर.
मेसमध्ये माझ्यासमोर हात आखडून बसायचे,
जणू चमचा कसा धरलाय त्यावरून ओळखेन.
मी मोजायचे ते साधंच:
दिवा लागल्यापासून बोट हलेपर्यंतचा वेळ.
छत्तीस तास जागा ठेवलेला पोरगा
कितव्यांदा वाजल्यावर
धोक्याची घंटा ऐकेनासा होतो.
यंत्र थकत नाही.
समोरचा थकलाय, हेही त्याला कळत नाही.

मग फ्लाइट लेफ्टनंट इंदुलकर.
पहाट, धुकं, आणि शेजारी शेजारी दोन खटके,
एक चाकांचा, एक पंखांच्या झडपांचा,
एकाच साच्यातले, जुळे.
चौकशीच्या अहवालात कारणाचा रकाना
दोन शब्द मावतील एवढाच.
मी लिहिलं: मानवी चूक.
सही केली.
शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.

त्याची आई रोह्याहून आली होती.
रडली नाही. एवढंच म्हणाली,
"अंधारात हाताला कळेल असं काही नव्हतं का हो तिथं?
आमच्यात मिठाच्या बरणीला सुतळी बांधतात."

त्यानंतरची अकरा वर्षं मी सुतळीच बांधत होते.
फाइलीत तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं,
समित्या होत्या, प्लायवुडचं कॉकपिट होतं,
डोळे बांधलेले वैमानिक,
हातमोज्यांतून चाचपडणारी बोटं.
शेवटी एका खटक्याच्या टोकाला
चाकाचा आकार आला.
रबराचा, सुपारीएवढा.
निरोपाच्या भाषणात त्याचं नाव कुणी काढलं नाही.

तो अहवाल अजून तसाच आहे.
बंद फाइलीवर
वरून काही चिकटवता येत नाही.

संध्याकाळी उलव्याकडे विमानं उतरतात.
पद्माकर गॅलरीत कान देऊन विचारतो,
"चाकं निघाली का गं?"
मी सांगते, निघाली.
दर विमानाला सांगते,
दिसली नाहीत तरी.

आत गिझरचा लाल दिवा.
चिंचोका एका बाजूनं सुटायला लागलाय,
उद्या फेव्हिकॉल आणायला हवा.