बुडखा

गड्डा कापताना विळा जमिनीला टेकवायचा नाही.
चार बोटं बुडखा राखायचा,
डोक्यावर फुलीसारखी चीर द्यायची,
चिरेत चुलीतली राख दाबायची.
एवढंच शिकवलं फिलोमिनाबाईनं,
आठ नंबरच्या क्वार्टरातल्या गार्डाच्या बायकोनं.
तिचं मराठी माझ्या इंग्रजीसारखं,
म्हणजे हातवारेच जास्त.

भुसावळात या कोबीनं फूल पाहिलेलं नाही.
फुलायला लागते तेवढी थंडी
आमच्याकडं पडत नाही.
पौषात चार पहाटा दातावर दात वाजतात,
संक्रांत झाली की ऊन पुन्हा पाट मांडून बसतं.
फूल नाही, म्हणून शेंग नाही, म्हणून बी नाही.
बुडख्याच्या अंगाला कोंब फुटतात बोटाएवढे,
ते टाचेसकट खुडून वाळूत खोचायचे,
आणि मग वैशाख.

वैशाख म्हणजे सेहेचाळीस, सत्तेचाळीस.
यार्डात डब्यांच्या सावलीला कावळे चोची वासून.
मोरीच्या कडेला, सांडपाण्याच्या गारव्याला
फुटक्या माठाच्या बुडात मी कोंब लावते,
वर केळीच्या सोपटांचा मांडव,
त्यावर ओलं गोणपाट.
चाळीस लावावेत तेव्हा पाच उरतात.
एका साली एकच उरला;
त्याच्यापायी यावलचं लग्न चुकवलं मी,
सख्ख्या भाच्याचं.

सासू म्हणायची,
"कसाले जीव लावते वं त्या पाल्याले?
बजारात रुपयाले गड्डा भेटते."
भेटतो की. पांढरा, घट्ट, चेंडूसारखा,
शिजवला की पाणी सोडतो
आणि पाण्यासारखाच लागतो.
आमचा ढिला, चपटा, शिरा जरा जांभळट,
बाहेरची पानं कडसर.
ती हिरव्या मिरचीवर, शेंगदाण्याच्या तेलात,
भिजल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर परतायची,
झाकण ठेवायचं नाही,
कळण्याच्या भाकरीशी खायची.

पण अगदी वरची दोन पानं मी शिजवत नाही.

त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत
बाळ दवाखान्यातच राहिलं,
दूध मात्र माझ्यासोबत घरी आलं.
छाती दगड झाली, ताप चढला.
चाळीतल्या बाया दारापर्यंत येऊन
पदर तोंडाला लावून गेल्या.
फिलोमिनाबाई मागच्या दारानं आली,
परसातून, हाताला माती तशीच.
लाटण्यानं शिरा मोडलेली,
माठाखाली गार केलेली दोन पानं
माझ्या पोलक्यात सारली.
बोलली काहीच नाही,
दोघींकडं तेवढी भाषाही नव्हती.
पानं कोमेजली की नवी, असे तीन दिवस.
तिच्या वाफ्यात नुसते गड्डे राहिले
भादरलेल्या डोक्यांसारखे.

बदली झाली तेव्हा तिनं
कपबश्या विकल्या, पलंग विकला,
कोंब विकले नाहीत.
कान तुटलेल्या मगात तीन आणून दिले
आणि माझ्या चार बोटांवर
आपली चार बोटं ठेवून दाखवली. एवढं.

पुढं कितीतरी उन्हाळे
मी दुपारची शिवणवर्गावर जायची,
चारला परतायची, गोणपाट ओलंच.
वाटायचं, मोरीचा गारवा असेल.
सासू गेली त्या मे महिन्यात,
दिवस झाल्यावर पहिल्यांदा वर्गावर गेले,
आले तर गोणपाट
पापडासारखं कडक.

यंदा नऊ जगलेत.
माव्यावर राख मारली, गोगलगायी हातानं वेचल्या,
गड्डे आता भरत आलेत.
मागच्या गल्लीतली शगुफ्ता काल आली,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
"काकू, बी द्या ना थोडं."
बी नसतं याला, म्हटलं. बस खाली.
विळा तिच्या हातात दिला.
चार बोटं सोडून काप.

तिनं आपला हात मातीला लावला,
मग माझ्या हाताकडं पाहिलं,
सुजलेली पेरं, वाकडी करंगळी.
"तुमची चार की माझी?"

तुझी, म्हटलं.