हरी साड़ी, चश्मा

नवतपा संपून आठवडा झाला होता,
पण उन्हाला ते कोणी कळवलं नव्हतं.
बायपासवर, वॉटर पार्कच्या फाटकाशी, सकाळी दहालाच
देवासच्या, महूच्या, थेट खंडव्याच्या बसगाड्या,
आणि तिकिटाच्या खिडकीवर अख्खं इंदूर,
जणू पंधरा तारखेला शाळा उघडल्या की
पाणी बंद होणार होतं.

आम्ही अकरा जण. अकरावी मी.
श्रीरंग म्हणाला, आत्या, तू आपली सावलीत बस,
सामानाशी कोणीतरी हवंच ना.
हवंच की.
सहा पिशव्या, दहा जोड चपला, मोज्यात खुपसलेले तीन मोबाइल,
आणि टॉवेलात गुंडाळलेला पोह्यांचा डबा,
जो आत न्यायला बंदी होती.
पहारेकऱ्यानं टॉवेल दाबून पाहिला,
हळूच विचारलं, जीरावन डाला है?
डाला है, म्हटलं. त्यानं सोडलं.

सावली म्हणजे फायबरची एक छत्री.
ती उन्हाबरोबर सरकायची, तिच्यामागून मी,
माझ्यामागून दहा जोड चपला.
समोर लाटांचा तलाव. पाणी कुठं दिसतच नव्हतं,
भिजत घातलेल्या वालांसारखी नुसती डोकी.
भोंगा वाजला की सगळे एकदम किंचाळत.
क्लोरीनचा वास, भाजलेल्या भुट्ट्याचा धूर,
एक पोर फरशीवर पाय पोळून नाचत होतं
आणि त्याची आई त्याच्या तळव्यांवर
वीस रुपयांची बाटली ओतत होती.

दोन वाजता मी काय केलं, ते नीट सांगते.
शेजारच्या छत्रीखाली महूची जुबेदा होती, तीही राखणीलाच.
जरा बघाल? म्हटलं.
जाओ बाजी, म्हणाली, पर मेरी बारी भी आएगी.

भाडं पन्नास, अनामत शंभर.
निळा नायलॉनचा झगा, पाठीवर आकडा २१४,
आधीच्या कोणाचा तरी ओलावा अजून शिवणीत.
माहेश्वरी घडी करून लॉकरात ठेवली, तिच्यावर चष्मा.
केस रबरी टोपीत कोंबले.

संथ नदी म्हणतात तिला.
सिमेंटची, कंबरभर, गोल. मोटरीवर वाहते.
पिवळ्या ट्यूबमध्ये बसलं की काही करायचं नसतं.
हे जमायला मला अर्धी फेरी लागली.

छत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागून
मी लोकांची नावं पुकारली, चुकीची असतील त्यांची सुद्धा.
दुसऱ्या फेरीला, प्लॅस्टिकच्या डायनासोरखाली,
कर्णा खरखरला:
कृपया ध्यान दें. मिरनालनी गोगाटे जी,
उम्र इकसठ साल, हरी साड़ी, चश्मा,
जहाँ कहीं भी हों...

वरच्या पुलावरून श्रीरंग धावत गेला.
धूसरच दिसला, पण धावण्यावरून ओळखला,
लहानपणापासून तो असाच, एक खांदा पुढे.
त्यानं खाली पाहिलं, माझ्याकडेच,
टोपीतली कुठलीतरी बाई पाहावी तसं, आणि पुढे गेला.
हाक मारायला मी तोंड उघडलंही होतं.
पण त्या वर्णनातलं काय होतं माझ्याजवळ?
साडी नाही, चष्मा नाही,
नाव तर त्यांनीच मोडून ठेवलेलं.
वय तेवढं होतं, तेही पाण्याखाली.

तिसऱ्यांदा पुकारलं ते विभानं, माइक हिसकावूनच असेल:
मृणालिनी गोगटे.
ऋकार, णकार, सगळं जागच्या जागी,
शाळेच्या हजेरीसारखं.
मी हात वर केला.
वर कोणी नव्हतं. एक बदाम तेवढा,
पानं वाळलेला.
हात खाली घेतला आणि
आणखी एक फेरी मारली.

परतले तेव्हा छत्रीभोवती सगळे उभे,
रागवायचं की हसायचं ते न ठरलेले.
जुबेदा शांतपणे पिशव्या मोजत होती.
मी कोणाला काही बोलले नाही.
पोहे काढले, शेव पसरली,
आणि तिच्या चपला माझ्याकडे ओढून घेत
म्हटलं, जाओ.