निर्णय बाकी

बेलापूर, सेक्टर अकरा. एकतीस मार्च.
एसी बादलीत गळतोय.

सात नंबरची विहीर समुद्रात चार हजार मीटर,
माझ्याकडे एक ओळ:
एक्क्याण्णव कोटी, निर्णय बाकी.
धड मालमत्ता नाही, धड तोटा नाही.

हर्डीकर म्हणतात, वायू आहे.
किती, ते सांगत नाहीत;
खालून आलेला दगड मुठीत धरून
वास घेतात.

ऑडिटरची नवी पोरगी विचारते,
"तिसरं वर्ष, मॅडम. कशाच्या भरवशावर?"
मी मूल्यमापनाचा आराखडा पुढे सरकवते.
ती तारखा बघते, मी तिची पेन्सिल.

एकच तर नोंद करायची:
नावे खर्च, जमा विहीर.
मग तिथे कधी कुणी खणलंच नव्हतं.

पेन्सिल अर्धी टिक करते,
थांबते.

बादली भरलीय. ओतून येते.