धूर बसेपर्यंत

ओरुरोत समुद्र नाही.
मीठ मात्र ढिगांनी, म्हणून शेजारचा फाउस्तिनो म्हणाला,
मिठागरातलंच घाल की चार पसे, खारट ते खारट.
मी पिशवीतलं घातलं, तोलून,
काचेची दांडी खुणेवर तरंगेपर्यंत.

मग टाकीत सोडली
एक कोळंबी. मेलेली.
यारित्सा, माझी नात, काचेला नाक लावून:
मासा कुठाय?
कोळंबी सडतेय, म्हटलं. काम चालू आहे.

दहाव्या दिवशी परीक्षानळी गडद हिरवी.
विसाव्या दिवशी दुसरी नळी जांभळी.
फाउस्तिनो रोज यायचा,
रिकाम्या पाण्यासमोर टोपी काढायचा
नि हसत हसत जायचा.

एकतीस वर्षं मी कथिल काढलं.
सुरुंग उडाला की लगेच आत जायचं नाही.
धूर दिसेनासा झाला तरी नाही.
दिसत नाही तोच मारतो.
सेवेरोची कुदळ आत राहिली होती,
तो आणायला गेला.
कुदळ आम्हाला सापडली.

हे यारित्साला सांगितलं नाही.
तिला म्हटलं, पाण्यात बारीक बारीक कामगार राहायला येताहेत,
डोळ्यांना न दिसणारे.
त्यांची पाळी लागू दे.

सातव्या आठवड्यात एक नळी पिवळी, दुसरी फिकट निळी.
तेव्हा सांताक्रूझहून रात्रीच्या बसने आले
दोन विदूषक मासे, थर्माकोलच्या डब्यात.
दुकानदार म्हणाला होता, सहा न्या, स्वस्तात लावतो.
दोनच.
इतक्या उंचीवर पाण्यालाही दम लागतो,
माझ्या छातीला विचारा.

दिवा मालवला. पिशवी तरंगत ठेवली.
मग मासे डब्यात, आणि नळीला गाठ मारून
थेंब थेंब आमचं पाणी त्यांच्या पाण्यात,
तासाभराहून जास्त.
मासे जाळीने टाकीत. प्रवासातलं पाणी मोरीत.

यारित्सा कुजबुजली, आता तो निळा?
तो शेवटी. भांडखोर आधी आला
की घर त्याच्या नावावर होतं.
आणि तोही आधी महिनाभर
मागच्या खोलीत, वेगळ्या पाण्यात.

रात्री एक मासा पंपाजवळ,
एक तळाशी, कल्ले भराभर हलवत.
मी मोजत बसलो.
मध्येच कळलं, मोजतोय ते माझेच श्वास.
उजाडता उजाडता तळाचा थोडा वर आला,
किंवा मला तसं वाटलं.

फाउस्तिनो दारात. टोपी हातात.
घालू का डोक्यावर, विचारलं त्याने.
थांब, म्हटलं.
अजून थांब.