तीळ

दर एकतीस वर्षांनी त्याला नवे दात येतात.
जुने उपटायला आमच्या घरातली बाई लागते.
मागच्या खेपेला माझी आई, तुर्सिनाय.
या खेपेला मी.
तीन दिवस कांदा बंद, नखं मुळापर्यंत कापलेली,
खिशात काही नाही हे आठ जणांनी बघितलेलं.

राजधानी समुद्राच्या तळाशी आहे.
समुद्र नाही, तळ आहे.
अरालचं पाणी आटलं तेव्हा तो कोळ्याचा पोर होता म्हणे,
मोयनाकच्या वाळूत रुतलेल्या बोटींवर खेळायचा.
आता त्याच बोटींच्या पत्र्याचं सिंहासन,
आणि शनीच्या पलीकडल्या खाणींपर्यंत
एकाच दिवशी त्याच्या वाढदिवसाची सुट्टी.
कितवा, ते छापत नाहीत.

त्याचं उघडं तोंड पाहणं गुन्हा आहे,
म्हणून पहारेकरी भिंतीकडे वळून उभे राहतात,
कानांत मेण.
मी एकटी आत वाकते.
या दाढांखाली एकतीस वर्षांत काय काय गेलं:
खिव्याची खरबुजं, टायटनवरचा संप,
माझा मामा कुरबानबाय.
बाहेर लोकांनी पाण्यासाठी दाताच्या कण्या केल्या.
वाऱ्याने त्या उचलल्या, मिठात टाकल्या.
पांढऱ्यात पांढरं, कोण वेचणार.

गुंगी चढली की तो बोलतो.
चौथ्या दाढेला. नेहमी चौथ्याच.
एक शब्द, बाईचं नाव,
उच्चारताना ओठ एकदाच मिटतात.

जागेपणी त्याला ते ठाऊक नाही.
औषधाने मेंदू दर खेपेस कोवळा होतो
आणि कोवळ्यात जुनं टिकत नाही.
किती शोधलं त्याने! दफ्तरं उलथली, कबरी उकरल्या,
नाव आणील त्याला एक अख्खा चंद्र देऊ केला.
चौकात आईचा पुतळा आहे,
चेहरा कुणा नटीचा,
चौथरा कोरा.

आणि आम्ही पस्तीस बायका
एकीच्या कानातून दुसरीच्या कानात
ते नाव नेत आलो.
म्हणतात, बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही.
आमचा अकराशे वर्षं भिजतोय.

या वेळी शुद्धीवर आला तेव्हा
हनुवटीवर रक्त, गालात कापूस,
बोळकं उघडून म्हणाला, "मी काई बोललो?"
सम्राट विचारत नव्हता.
कोळ्याचा पोर विचारत होता,
संध्याकाळ झाली तरी ज्याला
किनाऱ्यावर कुणी हाक मारायला आलं नाही.

माझा दानियार टायटनच्या खाणीत आहे.
एका शब्दात तो घरी आला असता.
शब्द जिभेच्या शेंड्यावर होता, मी ओठ मिटलेही
आणि तसेच ठेवले.

का, ते धड सांगता येत नाही.
उद्या ते नाव युद्धनौकेवर लागलं असतं,
तुरुंगाच्या कमानीवर, नाण्यावर;
हे खरं, पण हे मला नंतर सुचलं,
मिठाच्या मालगाडीतून परतताना.
त्या क्षणी एवढंच वाटलं:
याच्याकडे सगळं आहे. हे नसू दे.
"नाही, हुजूर," मी म्हणाले. "फक्त घोरलात."

घरी आले तर झुपारचा दुधाचा दात पडलेला.
आमच्या रीतीप्रमाणे कणकेच्या गोळ्यात घालून
कुत्र्याला दिला,
म्हणजे नवा कुत्र्यासारखा बळकट येतो.
मग दार लावून घेतलं,
तिच्या कानाशी वाकले.
ऐकून झाल्यावर
फटीतून जीभ बाहेर काढत म्हणाली,
"आणि त्याने विचारलं तर?"

विचारतोच, बाळा.
तू दानियारचं विचारलं नाहीस,
ते बरं केलंस.