रकाना अकरा

वाघोलीच्या मागे, डांबर संपतं
आणि बाभळींना पिठाचा रंग येतो,
तिथून माझा गट सुरू होतो. घर एकेचाळीस ते शहाण्णव.
गळ्यात ओळखपत्र. पिशवीत अर्ज, पाण्याची बाटली,
काल तपासलेल्या वह्या.

रकाना अकरा: घरात बोलली जाणारी भाषा.
एकच लिहा, असं प्रशिक्षणात दोनदा बजावलंय.

घर त्रेसष्ट. पत्र्यावर दगड ठेवलेले.
दारात तिम्मव्वा विटकर, हात कोपरापर्यंत पांढरे.
"घरात काय बोलता?"
"कोणाशी?"

टेकवलेलं पेन मी उचललं.

सासूशी वडारी. सासू ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.
मुकादमाशी हिंदी, तीही शनिवारी, पगारापुरती.
किराणावाल्याशी मराठी, उधारी थकली की जरा गोड.
डंपरवाला झारखंडचा, त्याच्याशी हातवारे.
"आणि शेळीशी?" मी उगाच विचारलं.
"शेळी काय, कशालाही येते.
इंग्लिशमधून कधी बोलावली नाही."
शेजारणी हसल्या. मीही हसले,
दातांत कच लागली.

धाकटी अंबिका माझ्याच वर्गात, पाचवीत.
वर्षभरात तिच्या तोंडून "हजर" सोडून
फारसं काही ऐकलं नव्हतं.
इथे ती आजीचं मला सांगत होती, माझं आजीला,
मध्येच आईला दटावत होती, तसं नाही, नीट सांग,
लंगडी घालत या घरातून त्या घरात,
रेघेवर पाय न पडू देता.

रकाना बारा: इंग्रजी. उत्तम, बरी, जेमतेम, नाही.
"नाही लिहा," तिम्मव्वा म्हणाली.
मग बोटं मोडत: "क्रशर येतं. ब्लास्टिंग. लोड. सेफ्टी."
जरा थांबून,
"एक्स्पायर."

तो ससूनमध्ये मिळाला.
रात्री अडीचला, एका कोवळ्या डॉक्टरकडून.
तिला वाटलं, गोळ्यांची तारीख गेली म्हणतोय.
ती म्हणाली, चिठ्ठी द्या,
मी नवीन आणते.

आता कुठल्या चौकोनात खूण करू?
शब्द एकच. उच्चार स्वच्छ.
अर्थ पुरता ठाऊक.

कोपऱ्यातून आजी काहीतरी बोलली, बराच वेळ.
"काय म्हणाल्या गं?"
अंबिकाने आईकडे पाहिलं.
"बाईंना पाणी दे म्हणाली."
वाक्य त्याहून लांब होतं.
पाणी मी प्याले.

संध्याकाळी पर्यवेक्षकांनी अर्ज मोजले.
"त्रेसष्टला पेन्सिल का, मॅडम? खोडा, पक्कं करा.
कोड बघा, नसेल तर 'इतर'."
खोडरबर शोधायला पिशवीत हात घातला
तर वर आली अंबिकाची वही.
निबंध: माझे घर. साडेतीन ओळी.
खाली लाल शाईत, माझ्याच अक्षरात:
विचार तोकडे. आणखी लिही.