ळ

मे महिन्याचे अठरा-वीस दिवस
चिचगडच्या पलीकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर मी मुन्शी असतो.
बाकीचं वर्ष झेरॉक्सचं दुकान.

सत्तर पानांचा पुडका, शंभर पुडक्यांचा शेकडा,
आणि शेकड्यामागे पाच वर, सुकतीचे.
सुकत काही नाही. पाच जातात.
बाई एकशेपाच मांडते, मी कार्डावर शंभर लिहितो.
ठेकेदार याबद्दल कधी तोंडाने बोललेला नाही.
अकरा वर्षांपूर्वी आधीच्या मुन्शीने दाखवलं,
जसं दाखवतात, की या सायकलची चेन कुठे निसटते.

हे चूक आहे, मला माहीत आहे.
बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं माझं.
‘योग्य काय ते कळणे आणि तसे वागावेसे वाटणे
यांतील संबंध स्पष्ट करा.’ गुण पंधरा.
चार पानं लिहिली होती:
ज्याला खरंच कळलं तो वागतोच, ही एक बाजू;
कळतं पण वळत नाही, ही दुसरी.
अकरा मिळाले.
शेवटी कोणती बाजू घेतली होती ते आठवत नाही.

रात्री राखणीला फळीवरच झोपतो.
पुडक्यांच्या रांगांमध्ये, चांदण्यात, स्वतःशी वाद घालतो
आणि रोज हरतो.
हरून गाढ झोपतो.
सकाळी पेन शंभर लिहितं.
दुसरं शून्य मी जरा जास्त गोल काढतो.

परवा सुगरताबाई सयाम भर दुपारी आली,
टोलीवरून, नाला ओलांडून, दीड कोस,
पायात टायरची चप्पल.
कार्ड पुढे केलं.
‘काल तू दोनशे लिवलास. माहे एकशेनव्वद होते.’
दहा पुडक्यांत मिठाची पिशवी येते, वर माचिस.
मी म्हटलं, ‘एवढ्यासाठी आलीस? या उन्हात?’
तिने असं पाहिलं, जसं मी विचारलं असतं
की तहान लागली तर पाणी कायले पेलीस.
म्हणाली, ‘रातीच करलं. तं आली.’

करलं.
आमच्या झाडीत ळ नाही.
डोळा तो डोरा, काळा तो कारा,
सकाळी उठतो तोही सकारी.
कळलं, ते करलं.
माझी आई असंच बोलायची.
मी ळ शिकलो कॉलेजात जायच्या आधी,
आरशासमोर, जीभ मागे वळवून, टाळूला लावून.
मास्तर म्हणाले, आता कसं शुद्ध.
त्या एका अक्षराने जी फट पडली
तिच्यात चांगली ऐसपैस जागा निघाली.
अकरा वर्षं राहतो आहे तिथे.

भाषेवर खापर फोडू नये, हेही कळतं.
आधीचा मुन्शीही करलंच म्हणायचा.

ती मोहाच्या सावलीत टेकली,
मांडीवर पळसाचा वाक वळत, उद्याच्या पुडक्यांसाठी.
न बघता म्हणाली,
‘मुन्शी, ते पाच. तुले करते का?’
चिडून नाही. बस किती वाजता, असं.
तिने काय विचारलं,
कळतं का, की करतोस का?
मी मान हलवली,
दोन्हीपैकी कशालाही चालेल अशी.
तिचा हात चालूच होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या एकशेपाचांचे
मी एकशेपाच लिहिले.
पाचाचा आकडा वाकडा आला, सवय नव्हती.
कान गरम झाले. ठेकेदाराची जीप आली नाही,
आभाळही पडलं नाही.

तिच्यामागे झुनकाबाई कुमरे उभी होती,
एकशेपाच मांडून.
मी शंभर लिहिले.

कोणी काही बोललं नाही.
मोहावर होला घुमत होता.
मला कळलं.
ळ सकट, शुद्ध.